धुराची गाडी

नैरोबीला चाललोय म्हटल्यावर कोपरीतल्या आमच्या सोसायटीत ज्याने त्याने एकच विचारलं, "सिंह बघायला का?" सिंह बघितले. पण मला बघायचा होता तो रूळ. रेल्वेच्या पी-वे खात्यात, म्हणजे रुळांच्या देखभालीत, माझी ३४ वर्षं गेली, त्यातली बरीचशी ठाणे, कळवा, मुंब्रा या पट्ट्यात. आणि नैरोबी हे केनियाच्या राजधानीचं असं शहर आहे की जे रेल्वे आली म्हणून जन्माला आलं.

पुतण्या तिथे नोकरीला आहे. "काका, काकूला घेऊन या, जुलैत या," म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात, उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागे करायचं. कोणी जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. सामानात प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. २०१७पासून तिथे त्यांवर कडक बंदी आहे. हिने सगळा खाऊ आदल्या रात्री पिशव्यांतून काढून स्टीलच्या डब्यांत भरला.

ठाण्यात धो धो पाऊस सोडून गेलो, तर तिथे स्वेटर! विषुववृत्ताला खेटून असलेलं शहर, पण उंची सुमारे १,८०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून चांगलीच जास्त. जुलै तर त्यांचा थंडीचाच महिना. आभाळ दिवसभर राखाडी. मसाई लोक या जागेला 'थंड पाण्याची जागा' म्हणायचे, त्यावरून नैरोबी. मोंबासा बंदरातून १८९६ला सुरू झालेली लाइन १८९९च्या मे अखेरीला या दलदलीच्या माळावर पोचली. पुढे चढण आणि त्यापलीकडे रिफ्ट व्हॅली या प्रचंड खचदरीचा कडा. चढाला भिडण्याआधीची ही शेवटची सपाट जागा, शिवाय इंजिनाला पाणी. कुठल्याही रेल्वेवाल्याने डेपो इथेच टाकला असता. त्या डेपोभोवती तंबू, तंबूंभोवती दुकानं आणि मग राजधानी.

तिसऱ्या दिवशी रेल्वे म्युझियम. स्टेशनाला लागूनच आहे, १९७१मध्ये सुरू झालेलं. मोकळ्या आवारात जुनी इंजिनं उभी आहेत. ५९१८ नंबरचं 'माउंट गेलाई' बघून मी जागीच थांबलो. हे गॅरेट जातीचं इंजिन, वजन सुमारे २५० टन. बॉयलर मधे आणि दोन्ही टोकांना चाकांचे वेगवेगळे संच, त्यामुळे एवढं धूड वळणावर वाकतं. आणि हे सगळं फक्त एक मीटर रुंदीच्या रुळांवर! आपला ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचा. मी खाली बसून दोन रुळांमध्ये वीत टाकत गेलो. पाचवी वीत अर्ध्यावरच रुळाला टेकली. हाताला आमची रुंदी इतकी सवयीची की तिथे रूळ लागला तेव्हा पोटात हललं. रुळांखालचे आडवे स्लीपरही लोखंडी, पन्हाळीसारखे वाकवलेले. त्या मुलखातली वाळवी लाकडाचं काय करते ते पुतण्याच्या दाराच्या चौकटीवर मी आदल्याच दिवशी बघितलं होतं.

तिथे एक डबा आहे. १९०० साली किमा स्टेशनात एक नरभक्षक सिंह त्रास देत होता. चार्ल्स रायल हा पोलीस अधिकारी त्याला मारायला म्हणून या डब्यात बंदूक घेऊन बसला. रात्री त्याचा डोळा लागला आणि सिंहाने डब्यात शिरून त्यालाच उचलून नेलं. त्याआधी १८९८मध्ये याच लाइनीवरच्या त्सावोच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना ओढून नेलं आणि काम बंद पाडलं. सिंहांच्या गोष्टी तिकडे सगळ्यांना पाठ आहेत. ते सिंहही पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये ठेवलेत.

पण त्या लाइनीवर आपल्याकडून सुमारे ३२,००० माणसं नेली होती. बहुतेक पंजाबातली, कराचीहून बोटीने गेलेली. त्यातली जवळजवळ २,५०० मेली. सिंहांनी त्यातली थोडीच नेली, बाकीची ताप, हगवण आणि अपघात यांत गेली. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सुमारे ९४० किलोमीटर. हिशेब केला तर मैलाला चार माणसं. मी म्युझियमच्या दोन्ही खोल्या पुन्हा फिरलो. गव्हर्नरांचे फोटो, साहेबांची चांदीची भांडी. रूळ टाकणाऱ्या गँगमधल्या एकाचंही नाव मला कुठे दिसलं नाही. आमच्या बोरघाटातही तेच. १८५३च्या पहिल्या गाडीची आठवण ठाण्यात सगळे काढतात, पण खडी कोणी टाकली ते कोण सांगणार?

तिथून जवळच ७ ऑगस्टचं स्मारक आहे. १९९८मध्ये अमेरिकेच्या वकिलातीबाहेर स्फोट झाला, नैरोबीत २१३ माणसं गेली. त्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. ही एकेक नाव हळू वाचत होती आणि मी मागे उभा होतो. नावं कोरता येतात, दगड लागतो आणि कोणाला तरी वाटावं लागतं. हा विचार दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

नॅशनल पार्कही केलं, तेही मनापासून. ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या येऊर-बोरिवलीच्या जंगलाहून थोडं मोठं, आणि मागे शहराच्या इमारती दिसतात. नव्या रेल्वेचा सुमारे सहा किलोमीटरचा पूल जंगलावरून जातो. त्याच्या खांबांखालून तीन जिराफ निवांत निघून गेले. येऊरच्या बिबट्यांसाठी कोणी एवढा विचार करावा असं मला फार वाटतं. तिथेही या पुलावरून मोठा वाद झाला होता म्हणे.

भाषेने मात्र रोज आनंद दिला. दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', धोब्याला 'डोबी', कोशिंबिरीला 'कचुंबारी'. आणि आगगाडीला जुना शब्द 'गारी ला मोशी'. गारी म्हणजे आपली गाडी, मोशी म्हणजे धूर. भिंतीवर नाव नाही, पण ती माणसं आपले शब्द तिथे ठेवून आली. ड्रायव्हरने हा शब्द सांगितला तेव्हा मी त्याला तीनदा म्हणायला लावला.

शेवटच्या संध्याकाळी स्टेशनबाहेर कोळशावर भाजलेलं कणीस घेतलं, वर तिखट-मीठ आणि लिंबू. अगदी आपलंच. कुंपणापलीकडे रुळावर एक माणूस लांब दांड्याचा पाना घेऊन फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, बोल्ट आवळत होता. दोन आटे फिरवले, पान्याने रुळावर टक् करून वाजवलं, कान दिला, पुढच्या सांध्याकडे गेला. मी पुतण्याला म्हटलं, याला सांग मी काय काम करायचो. त्याने सांगितलं. माणूस कुंपणापाशी आला, माझ्या तळव्याकडे बघून म्हणाला, "फुंडी?" म्हणजे कारागीर. मी मान हलवली. मग मी त्याला नाव विचारलं, दोनदा, नीट ऐकून घेतलं आणि कणसाच्या कागदावर देवनागरीत लिहून घेतलं. तो कागद माझ्या पासपोर्टमध्ये आहे.