आमची वाटचाल : काचबिंदूच्या थेंबासाठी एक पकड

आमचा कारखाना कुडाळ एमआयडीसीत आहे. इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून, छोटे भाग काढणं हे आमचं मूळ काम. आता त्यातला मोठा हिस्सा एकाच वस्तूचा आहे: काचबिंदूच्या रुग्णाला स्वतःच्या हाताने डोळ्यात औषध घालता यावं म्हणून बाटलीवर बसणारी पकड.

सिंधुदुर्गात कितीतरी घरांत दोघं म्हातारीच राहतात, मुलं मुंबईला. लॅटानोप्रोस्टसारखं औषध रोज रात्री एकदा घालायचं असतं, आणि त्या वेळी थेंब घालून द्यायला कोणी नसतं. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांना एकेक धरला तर तीस रात्रींना ६० लागतात, म्हणजे २० हाताशी उरतात. रोज एक जरी थेंब गालावर गेला, तरी सत्ताविसाव्या दिवशी बाटली रिकामी. पुढची आणायला कुडाळला किंवा सावंतवाडीला जावं लागतं, आणि तोवर डोळ्यातला दाब परत चढतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून त्या गालावरच्या थेंबाचं आम्हाला एवढं वाटतं.

अडचणी तीन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. बोटांत जोर नसतो, नेम लागत नाही आणि मान मागे वळत नाही. एक सोडवताना दुसरी वाढली तर ती वस्तू फळीवरच पडून राहते.

जोरासाठी तरफ लावली. हाताची बाजू बाटलीच्या बाजूच्या तिप्पट ठेवली की बोटांना तिसरा हिस्सा जोर पुरतो. पण अंतरही तिप्पट होतं: बाटली ३ मिमी दाबायची तर बोटांना ९ मिमी चालावं लागतं. संधिवाताच्या हाताला ते जमतं. तरफ याहून लांब केली तर दाब हाताला कळेनासा होतो आणि एकाच्या जागी दोन थेंब पडतात. दुसरा थेंब वाया तर जातोच, शिवाय घातकही ठरू शकतो. खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं आणि बहुतेक बाटल्यांचा एकच थेंब ३० ते ५० चा असतो. जास्तीचं औषध गालावर ओघळतं किंवा नाकाच्या नळीतून रक्तात जातं. टिमोलॉल हे काचबिंदूचंच दुसरं औषध असं रक्तात गेलं तर दम्याच्या माणसाला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते.

म्हणून तरफेला अडसर दिला. इथे एक बारकावा आहे. भरलेल्या बाटलीत हवा कमी असते, त्यामुळे थोडं दाबलं तरी थेंब सुटतो. बाटली संपत आली की आतली हवा वाढते, ती आधी आक्रसते आणि तेवढ्याच दाबाने थेंब येत नाही. एकच पक्का अडसर ठेवला तर शेवटच्या आठवड्यात रुग्णाला वाटतं औषध संपलं. आमचा अडसर दोन पायऱ्यांचा आहे. पंधरा दिवसांनी तो एक खाच पुढे सरकवायचा.

नेमासाठी वाटी आहे. ती भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकते, डोळ्याच्या बुबुळाला कुठेच लागत नाही. बाजूची नजर गेलेल्या माणसाला जवळ येणारी बाटली दिसत नाही, त्यामुळे जागा स्पर्शानेच कळली पाहिजे. नोझल पापणीपासून १२ ते १५ मिमी वर राहतं. त्याहून खाली आलं तर पापणीच्या केसांना टेकतं आणि तरफ सुटताना बाटली अश्रू आत ओढून घेते. औषध तिथेच दूषित होतं. आमच्या पकडीचा एकही भाग औषधाला लागत नाही, आणि हा नियम आम्ही कोणत्याही सुधारणेसाठी मोडत नाही.

मानेचा प्रश्न झोपून सुटतो. उशी काढून पाठीवर झोपावं, खालची पापणी ओढावी, वर बघावं, दाबावं. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरावा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. एवढाच मजकूर आम्ही पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापतो.

तक्रारींत सगळ्यात जास्त येते ती नोझलच्या भोकाची. आपल्याकडच्या कित्येक बाटल्या बंद नोझलच्या असतात, टोपणातल्या काट्याने भोक पाडायचं असतं. घाईत कोणी सुई किंवा टाचणी वापरतं, भोक वाकडं किंवा मोठं होतं आणि थेंबाऐवजी धार लागते. अशा बाटलीला कोणतीच पकड वाचवू शकत नाही. टोपण घट्ट फिरवूनच भोक पाडा, हे दुकानदारांनी बाटली देतानाच सांगावं असा आमचा आग्रह असतो.

दर महिन्याला तीच कंपनी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून पकडीचा जबडा १८ ते २४ मिमी व्यासाच्या बाटल्या धरतो. सकाळ-रात्रीच्या औषधांत गोंधळ नको म्हणून एका पकडीवर एक उंचवटा, दुसरीवर दोन. अंधारातही बोटाला कळतात.

नमुने पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये छापून चालतात, पण विकायला नाही: ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत वाकतं. विक्रीचा माल पॉलिप्रोपिलीनचा. त्याची बिजागरी हजारो वेळा वाकली तरी तुटत नाही, त्यामुळे स्प्रिंगच लागत नाही. खाऱ्या हवेत साध्या पोलादाची स्प्रिंग टिकत नाही, तेव्हा हा मोठाच फायदा. पावसाळ्यात लाईट गेली की मशीनच्या बॅरलमधलं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतलं, प्लास्टिक तापून राहतं. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर साच्यातून निघालेले पहिले नग आम्ही टाकून देतो, कारण त्यांची बिजागरी ठिसूळ निघते. वाटीच्या कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, राहिला तर कातडीला बोचतो, म्हणून ती कड प्रत्येक नगावर बोट फिरवूनच पास होते.

थेंब मोजायला पंखा बंद करून दहा थेंब एकत्र वजन करतो, ०.४ ग्रॅम भरले तर एक थेंब सुमारे ४० मायक्रोलिटर. चाचणीला पाणी चालत नाही, त्याचा पृष्ठताण जास्त, थेंब मोठा पडतो. कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स वापरतो. बाटली तिरपी धरली तरी आकार बदलतो, म्हणून मोजताना पकड सरळ उभीच.

गणपतीला चाकरमानी आले की मागणी वाढते. मुलं आई-वडिलांसाठी घेऊन जातात. बॉक्स उघडून दुकानातच बाटली बसवून दाखवा, असं आम्ही विक्रेत्यांना सांगतो. सध्या काम चालू आहे ते प्रिझर्व्हेटिव्हशिवायच्या एकेका डोसच्या चपट्या कुप्यांवर. त्यांना गोल जबडा धरत नाही, आणि दाबताना कुपी मध्येच दुमडते; चपट्या पट्टीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या जबड्याचा साचा आता बनतो आहे.