त्रिएस्ते ते रोविन्य: ऑक्टोबरातले चार दिवस आणि तीन देश

आम्ही आठ जण निघालो होतो. म्युनिकमधली तीन जोडपी, एक सात वर्षांचा मुलगा आणि उरणहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. नऊ आसनी व्हॅन भाड्याने घेतली आणि साल्झबुर्ग, टाउअर्न बोगदा, फिलाख, उदिने असं करत संध्याकाळी इटलीतल्या त्रिएस्तेला समुद्रावर उतरलो. एड्रियाटिक समुद्राच्या या टोकाला इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अगदी शेजारी शेजारी आहेत. स्लोव्हेनियाच्या वाट्याला तर जेमतेम 47 किलोमीटर किनारा आला आहे.

गाडी घेताना आपण कुठल्या देशांत जाणार ते कंपनीला आधीच सांगा आणि करारावर लिहून घ्या, नाहीतर विमा लागू होत नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठी विनियेत, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, लागतं. दोन्ही ऑनलाइन मिळतात. टाउअर्नचा टोल त्याहून वेगळा भरावा लागतो.

त्रिएस्तेत दोन रात्री राहिलो. 1719 मध्ये ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या सम्राटाने इथे खुलं बंदर जाहीर केलं आणि 1918 पर्यंत हे त्या साम्राज्याचं मुख्य बंदर होतं. त्यामुळे इमारती व्हिएन्नासारख्या आणि समोर थेट समुद्र. उनिता चौकाची एक बाजू पाण्याकडे पूर्ण मोकळी आहे. रात्री दिवे लागल्यावर आम्ही तिथे तासभर नुसते बसून होतो. कॉफीही याच बंदरातून आली आणि इथे तिची स्वतःची भाषा झाली. 'नेरो' म्हणजे साधी एस्प्रेसो, 'कापो' म्हणजे थोडं दूध घातलेली, आणि 'कापो इन बी' म्हणजे तीच, पण छोट्या काचेच्या ग्लासात. एवढे तीन शब्द पाठ करून जा.

बार्कोलाना ही शिडाच्या होड्यांची मोठी शर्यत ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असते. ती बघायची असेल तर खोल्या काही महिने आधी घ्या. नसेल बघायची तर तो आठवडा टाळा. आम्ही नंतरच्या आठवड्यात गेलो, म्हणून शहर निवांत मिळालं. बोरा मात्र भेटला. हा डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा कोरडा, थंड वारा. ताशी 100 किलोमीटरच्या पुढचे झोत त्याला नवे नाहीत. मुज्जाला जाणारी होडी त्या दिवशी बंद होती आणि आईला हात धरून रस्ता ओलांडावा लागला. छत्रीचा काही उपयोग होत नाही. कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट प्रत्येकाकडे हवंच.

होडी बंद म्हणून आम्ही वर कार्स्टच्या पठारावर गेलो, आणि तो दिवस फार सुंदर निघाला. पांढऱ्या चुनखडीच्या दगडांमधून 'रुय' नावाचं झुडूप शरदात लालभडक होतं. सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. तिथे ओस्मित्सा शोधा. 1784 च्या शाही आदेशाने शेतकऱ्यांना वर्षातले आठ दिवस आपल्या घरी स्वतःची वाइन विकायची मुभा मिळाली. 'ओसेम' म्हणजे स्लोव्हेनियन भाषेत आठ, त्यावरून हे नाव. आजही ज्या घरी दार उघडं असतं, ते घर चौकात हिरव्या पानांची डहाळी टांगतं. डहाळीच्या मागे मागे जायचं. खायला मुख्यतः डुकराचं मांस, पण उकडलेली अंडी, चीज, पाव आणि लोणच्याच्या भाज्या मिळतात. आमच्यातल्या तीन शाकाहारी माणसांचं छान भागलं. पुढच्या प्रवासात 'योता' हे राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं सूप शाकाहारी समजून मागवू नका. त्यात बहुतेक वेळा मांस असतं. विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरचं पिरान. गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे. वेशीबाहेरच्या फोर्नाचे वाहनतळावर व्हॅन ठेवून गावातल्या बसने आत गेलो. सामान कमी ठेवा, खोलीपर्यंतच्या गल्ल्या चढाच्या आणि दगडी आहेत. मधला तार्तिनी चौक पूर्वी होड्यांची आतली गोदी होती. ती 1894 मध्ये बुजवली. पाट्या स्लोव्हेनियन आणि इटालियन अशा दोन भाषांत. 1910 मध्ये इथे जन्मलेला माणूस घर न बदलता ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, त्रिएस्तेचा मुक्त प्रदेश आणि युगोस्लाव्हिया पाहून झाला असेल, आणि आयुष्य लाभलं असेल तर स्लोव्हेनियाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या किनाऱ्यावरची बहुसंख्य इटालियन कुटुंबं घरं सोडून गेली. हे माहीत असलं की बंद खिडक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

पण मला सांगायचंय ते सेचोव्ल्येच्या मिठागरांबद्दल. माझं आजोळ उरणच्या मिठागरांना लागून होतं. आई बांधावर पाय ठेवताच थांबली आणि म्हणाली, "अगं, ही उघाडी बघ." पाणी आत घ्यायचं लाकडी दार, त्याच्या कडेला साचलेली पांढरी रेघ, पुढे चौकोनी वाफे. हंगाम सप्टेंबरातच संपलेला, त्यामुळे वाफे पाण्याने भरलेले आणि त्यात बगळे उभे. तिथल्या ताईंनी आम्हाला 'पेतोला' दाखवला. वाफ्याच्या तळाशी शैवाल, जिप्सम आणि खनिजांचा पातळ थर मुद्दाम जोपासतात. तो मीठ आणि चिखल यांना वेगळं ठेवतो, म्हणून मीठ पांढरं शुभ्र निघतं. ही रीत चौदाव्या शतकात पाग बेटावरून आली. आईने वाकून थराच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "सायीसारखा लागतोय." मग तिने त्या ताईंना आपल्याकडे मीठ कसं ओढतात ते हातांनीच करून दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाऊण तास गप्पा चालल्या. इथे किमान अर्धा दिवस द्या. चालू मिठागर लेरा भागात आहे. फोंतानिजे भागात संग्रहालय आणि पडकी घरं आहेत, आणि तिथे जायची वाट सीमानाक्याच्या बाजूने आहे, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

चौथ्या दिवशी क्रोएशियातलं रोविन्य. हे गाव 1763 पर्यंत बेट होतं. मधली खाडी बुजवून ते जमिनीला जोडलं. सेंट युफेमियाचा मनोरा सुमारे 60 मीटर उंच आहे आणि वरचा तांब्याचा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. आतल्या लाकडी पायऱ्यांच्या फटींतून खालचं दिसतं, म्हणून आई आणि मी खालीच थांबलो. गल्ल्यांचे दगड घासून गुळगुळीत झालेत, रबरी तळाचे बूट घाला. शरद हा पांढऱ्या ट्रफलचा हंगाम. 'फुझी' या गुंडाळलेल्या पास्त्यावर तो किसून देतात. महाग आहे, पण एक ताट मागवून सगळ्यांनी चाखा.

कागदपत्रांचं नीट ऐका. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो झालंय, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांना एकच शेंगेन व्हिसा पुरतो. पण ऑक्टोबर 2023 पासून इटलीने स्लोव्हेनियाच्या आणि स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. परतताना आम्हाला थांबवलं, आणि आमच्या एका मित्राचं निवासपत्र पिरानच्या खोलीत राहिलेलं. माझा नवरा एकटा व्हॅन घेऊन गेला, वाहनतळ, बस, चढ असं सगळं करून कार्ड घेऊन परत आला. दीड तास गेला. पोलीस सौजन्याने वागले, पण मूळ कार्डाशिवाय सोडायला तयार नव्हते. फोनमधला फोटो चालत नाही. निघण्याआधी एकाने सगळ्यांचे पासपोर्ट आणि कार्डं मोजावीत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि अंधार लवकर पडतो. त्याआधीच जा. मिठागराच्या दुकानातून आईने मिठाची एक पुडी घेतली. उरणच्या मावशीला द्यायची म्हणून ती कपड्यांच्या मधोमध ठेवली आहे.