नियम क्रमांक 4 मधला एक शब्द

पतीच्या निधनानंतर नाशिकमधल्या त्यांच्या क्लबचे सभासदत्व माझ्या नावावर करून घेण्यास मला चौदा महिने लागले. छायाचित्रे, ओळखपत्र आणि धनादेश यांचे काम एका सकाळीच उरकले होते. बाकीचा सगळा काळ ‘एकवीस वर्षांवरील कोणताही पुरुष’ या नियमातल्या शेवटच्या शब्दाने खाल्ला.

“वहिनी, सरांच्या कार्डावर तुम्ही ‘पत्नी’ होता, आता सरच नाहीत म्हटल्यावर तुम्हाला कोणत्या रकान्यात बसवू?” असे काउंटरवरच्या कारकुनांनी अगदी सौजन्याने विचारले, आणि त्या सौजन्याचाच मला अधिक राग आला. वकील भाच्याने 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचा आधार काढला, ज्यानुसार कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात. कार्यकारिणीचे उत्तर आले की, हा संकेत कायद्यांपुरता आहे. शिवाय सभासद कोण असावेत हे संस्थेने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मान्य केले आहे. उत्तर चुकीचे नव्हते, हे मला कबूल करावे लागले.

मग नियमच बदलायचा, तर ठराव सभासदानेच मांडायला हवा, आणि मी तर सभासद नव्हते! गंगापूर रोडवर घरोघर सह्या मागत फिरताना एका गृहस्थांनी विचारले, “तुमच्या महिला मंडळात आम्हाला घेता का?” तेव्हा मी निरुत्तर झाले. आमच्या मंडळात कोणाला ‘सभासदाचा पती’ म्हणून जेवायला बोलावून मतदानाच्या वेळी बाहेर बसवत नाहीत, हे उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले. सभेत एका सभासदांनी लंडनच्या गॅरिक क्लबचा दाखला दिला: 1831 साली स्थापन झालेल्या त्या क्लबने 2024 मध्ये स्त्रियांना सभासद करण्याच्या बाजूने मतदान केले. आपण तेवढे थांबायचे का, असे त्यांनी विचारले आणि सभागृह हसले. ठराव संमत झाला.

एक सांगायचे राहिले. क्लबने नियमावली दाखवली नाही, तर संस्था नोंदणी कार्यालयात फी भरून तिची प्रमाणित नक्कल मिळते. मी उगाच तीन महिने क्लबकडेच मागत बसले. प्रत्येक पत्राची पोच, आवक क्रमांकासह, घ्यावी. माझे पहिले पत्र पोच नसल्यामुळेच ‘आलेच नाही’ ठरले होते.

कार्ड मिळाले, परंतु अर्जाचा नमुना जुनाच होता. ‘पत्नीचे नाव’ या रकान्यात कारकुनांनी मला विचारून आडवी रेघ मारली.