तरंगणारी चकती

चकत्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकच्या होत्या, १० मिमी व्यासाच्या आणि ४ मिमी जाड. ३०० मायक्रॉनचे धागे एका थरात आडवे, पुढच्यात उभे, असे थ्रीडी प्रिंटरने छापलेले. एका गटात दोन धाग्यांमधली फट ५०० मायक्रॉन, दुसऱ्यात २००. हाडाच्या जागी बसवायच्या स्कॅफोल्डची, म्हणजे सच्छिद्र सांगाड्याची, फट बारीक केली, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून वाढणारा थर) कमी धरते का, एवढंच पाहायचं होतं.

पहिलं उत्तर संशय यावा इतकं गोड आलं. २४ तासांनंतर बारीक फटीच्या चकतीवर जिवंत जीवाणू जवळजवळ दहापट कमी. 'अरुंद जागेत शिरले नसतील' हा तर्क लगेच निघाला. पण ऑरियसची गोल पेशी जेमतेम १ मायक्रॉनचा. २०० मायक्रॉनची फट त्याला हमरस्ता आहे.

उलगडा प्लेट इनक्युबेटरमधून काढतानाच झाला असता, पाहिलं असतं तर. बारीक फटीच्या चकत्या ब्रॉथवर (जीवाणू वाढवायच्या पोषक द्रवावर) तरंगत होत्या. या प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा जास्त. ते तरंगतं याचा अर्थ आत हवा आहे. कोरी चकती १७० मिलिग्रॅमची. तिच्या पोकळीत साधारण १६५ मिलिग्रॅम पाणी मावायला हवं. भिजवून वजन केलं तर वाढ फक्त ६०. आतला बराचसा भाग कोरडाच, मग तिथे जीवाणू कुठून येणार?

पुन्हा सगळं मांडलं. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या गरम वाफेने निर्जंतुक करणं) चालत नाही, हे प्लास्टिक ६० अंशांना वितळतं. ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचपात्रात) व्हॅक्यूमखाली बुडबुडे थांबेपर्यंत, मग निर्जंतुक पीबीएसने (खारट बफर द्रावणाने) तीनदा धुणं. इथेनॉल आत राहिलं तर तेही जीवाणू मारतं आणि पुन्हा खोटं 'स्वच्छ' उत्तर मिळतं. म्हणून शेवटच्या धुण्याच्या पाण्यात थोडे जीवाणू सोडून ते जगतात का, हे आधी तपासलं. पुढे १ टक्का ग्लुकोज घातलेला ट्रिप्टिक सोय ब्रॉथ, मिलिलिटरला १० लाख जीवाणू, ३७ अंश, २४ तास. मग हलकं धुऊन, चिकटलेले जीवाणू सुटावेत म्हणून सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ५ मिनिटं, ३० सेकंद व्होर्टेक्सवर जोरात घुसळणं, दहा-दहापट पातळ करत प्लेटिंग, म्हणजे पोषक थरावर पसरून उगवलेल्या वसाहती मोजणं. सॉनिकेटरच्या पाण्यात बर्फ हवा. पाणी तापलं की मोजायचे जीवाणूच मरतात.

या वेळी चित्र उलटलं. बारीक फटीच्या चकतीवर जीवाणू जास्त. पण तिचा पृष्ठभागही मोठा: हिशेबाने सुमारे २० चौरस सेंमी, दुसरीचा १२. भागून पाहिलं तर दोन्ही जवळपास सारख्याच. नगावर मोजायची सवय इथे फसवते.

खरी गंमत दुसऱ्यांदा सॉनिकेट केल्यावर दिसली. त्याच चकत्यांतून पुन्हा वसाहती आल्या, बारीक फटीच्या चकत्यांतून जास्त. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. धागा धाग्यावर टेकतो तिथली खाच निमुळती होत शून्यावर येते, आणि तिथे जीवाणू गच्च बसलेले. धुण्याचं पाणी तिथवर पोचत नाही. शरीरातली जीवाणू गिळणारी न्यूट्रोफिल पेशी १२ ते १५ मायक्रॉनची, तिलाही तिथे हात घालणं अवघड. फट २०० वर आणली की प्रत्येक थरात असे सांधे अडीचपट होतात.

गायरॉइड रचनेत (सलग वळत जाणाऱ्या गुळगुळीत भिंतींच्या जाळीत) धाग्यावर धागा टेकत नाही, म्हणून ही खाच उरत नाही. मात्र तीच रचना टायटॅनियमच्या भुकटीतून लेसरने छापली की अर्धवट वितळलेले १५ ते ४५ मायक्रॉनचे कण भिंतीला चिकटून राहतात. आम्ल देऊन ते काढले नाहीत, तर प्रत्येक कणाखाली तसलीच खाच तयार.