मानेमागचा घाम

काल रात्री पुण्यात काय बोचरी थंडी! सासूबाईंनी साडेचार महिन्यांच्या लेकीला झबलं, त्यावर स्वेटर, पायमोजे, तुळशीबागेतून हौसेने आणलेलं लोकरी टोपडं, आणि वरून गोधडी, असं नखशिखान्त सजवून झोपवलं. फक्त नाक दिसत होतं.

दोन वाजता तिने घर डोक्यावर घेतलं. दूध पिईना, लंगोट कोरडा. हात गार लागले म्हणून मी (शहाणी!) गोधडी अजून घट्ट केली. मग सहज मानेमागे बोटं गेली, तर घामाने चिंब, जावळ चिकटलेलं. तान्ह्यांचे हातपाय बऱ्याचदा गारच असतात, अंदाज मानेवरून नाहीतर छातीवरून घ्यायचा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं.

टोपडं, स्वेटर, गोधडी सगळं काढलं. सुती झबलं, वर पायापर्यंतचा अंगरखा, बास. आपल्यापेक्षा फार तर एक थर जास्त. डोकं उघडं असलं की जास्तीची उष्णता निघून जाते. हल्ली ती कुशीवर वळते, त्यामुळे दुपट्यात बांधणंही बंद. सुटं पांघरूण आणि उशी वर्षाची होईपर्यंत नाही. उताणी निजवली, पाच मिनिटांत गाढ.

"आमची तीन पोरं गोधडीतच वाढली हो," सासूबाई सकाळी म्हणाल्या. मी चहा गाळत गप्प. थोड्या वेळाने बघते तर त्याच हळूच तिच्या मानेमागे हात घालून चाचपतायत.

"कोरडी आहे गं."

टोपडं कमला नेहरू पार्कात फिरायला जाताना घालायचं, असा तह झालाय.