आमची वाटचाल : २०० चौरस मीटरची लागवड

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनबिस, म्हणजे गांजा, कायदेशीर करणारा कॅनबिस कायदा अमलात आला आणि त्यानंतर आम्ही पतिपत्नींनी ऑन्टारिओ प्रांतात गांजाच्या सूक्ष्म लागवडीचा परवाना घेतला. या परवान्यावर त्या काळी २०० चौरस मीटरपर्यंतच झाडे लावता येत. आम्ही बाजारात उतरलो तेव्हा मालाचा महापूर आलेला होता. मोठ्या कंपन्यांनी मागणीचा अंदाज येण्यापूर्वीच, शेअर बाजारातून उभ्या केलेल्या भांडवलावर प्रचंड हरितगृहे बांधली होती. उलट दीड कोटीच्या घरात लोकसंख्या असलेल्या ऑन्टारिओत एप्रिल २०१९ मध्ये गांजाच्या फक्त २५ दुकानांना परवानगी मिळाली होती. मार्च २०२० मध्ये कॅनोपी ग्रोथ या मोठ्या गांजा कंपनीने ब्रिटिश कोलंबियातील सुमारे ३० लाख चौरस फुटांची दोन हरितगृहे बंद केली, तर २०२१ मध्ये देशभरात ४२५ टनांच्या आसपास वाळवलेला माल न विकता नष्ट करावा लागला.

आम्ही दोघेही नाशिक जिल्ह्यातले, त्यामुळे पडलेले भाव आमच्या घरांनी पाहिलेले होते. परंतु उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो आणि निर्यात खुली झाली की भाव सावरतो; इथे मात्र गांजाच्या फुलांचा सुगंध साठवणीत उतरत जातो आणि निर्यात केवळ वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, प्रत्येक खेपेला वेगळी परवानगी घेऊनच करता येते.

सर्वांत जाचक ठरला तो उत्पादन शुल्काचा कर. फुलांवर ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरावी लागते. दहा डॉलरच्या भावाला हे दोन्ही हिशेब सारखेच येतात, पण भाव चार डॉलरवर आला की तोच कर पंचवीस टक्के होतो. हा कर माल पाकिटात भरून विकणारा प्रक्रियादार भरतो खरा, तरी त्याचा भार अखेर आमच्यासारख्या उत्पादकाच्या भावातून वसूल होतो. कर केवळ टक्केवारीवर असावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

या परिस्थितीत आम्ही स्वस्ताईच्या स्पर्धेत उतरलो नाही. खरेदीदाराशी आधी बोलणी करून तेवढीच रोपे लावायची, खोल्यांची कापणी वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवायची, फांद्या टांगून सावकाश वाळवायच्या आणि फुले हातानेच साफ करायची, अशी पद्धत आम्ही बसवली. बाजारात पहिला प्रश्न टीएचसीच्या, म्हणजे गांजातील नशा आणणाऱ्या घटकाच्या, टक्केवारीचा असतो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्यापायी सगळेच उत्पादक त्याच त्या वाणांच्या मागे लागतात. आम्ही सुगंधासाठी ओळखले जाणारे मोजके वाण जपले आणि त्यांचे ठरावीक खरेदीदार आजही टिकून आहेत.

मार्च २०२५ मध्ये सूक्ष्म लागवडीची मर्यादा ८०० चौरस मीटर झाली. साहजिकच बाजारात आणखी माल येईल, म्हणून लागवड तूर्त आहे तेवढीच ठेवून आम्ही केवळ वाळवणीची एक खोली वाढवत आहोत.