थंडी आणि गरमागरम ॲपल क्रंबल

आज सकाळी येऊरच्या बाजूने असा काही गार वारा आला की चक्क पंखा बंद करून बसलो, ठाण्यात अशी थंडी मोजून आठ-दहा दिवस मिळते, ती वाया कशी घालवायची! ॲपल क्रंबल करायचं ठरवलं, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर पीठ-बटरचा चुरा पसरून भाजलेला गोड पदार्थ, आणि जांभळी नाक्यावरून किलोभर किन्नौरी सफरचंदं आणली. गोड असतात ती, म्हणून अख्खं लिंबू पिळलं, त्याने फोडी काळ्याही पडत नाहीत. दालचिनी, किसलेलं जायफळ आणि साखरेऐवजी गूळ, कारण थंडीत गूळच हवा असं माझं ठाम मत आहे.

वरच्या थरात खरी गंमत. १५० ग्रॅम मैद्यात ७५ ग्रॅम बटर, तेही फ्रीजमधलं एकदम गार, ते नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावला की वितळतं आणि मग कुरकुरीत होत नाही, रव्यासारखं दिसलं की थांबायचं आणि मूठभर ओट्स टाकायचे. हे सगळं फोडींवर पसरून ओटीजी ओव्हनमध्ये १८० डिग्रीला ४० मिनिटं. कडेने रस बुडबुडायला लागला आणि दालचिनीचा वास पार जिन्यापर्यंत गेला, शेजारच्या काकू विचारायला आल्या काय शिजतंय, त्यांनाही वाटीभर दिलं.

आई शाल गुंडाळून गॅलरीत बसलेली. तिला दात नाहीत म्हणून सफरचंद खाणं सुटलंय गेली दोन वर्षं. आज मऊ झालेल्या फोडी आणि वर थोडी साय, अख्खी वाटी संपवली आणि म्हणाली, "अजून आहे का रे?"

उद्या परत करतोय.